हिशेबाची चौकट: चायानोव यांचा शेतकरी-कुटुंबाचा सिद्धांत आणि आपली छोटी शेती



'छोटी शेती परवडत नाही' हे वाक्य तुम्ही घरी, बसमध्ये, वर्तमानपत्रात आणि कदाचित वर्गातही ऐकले असेल. ते इतके ओळखीचे झाले आहे की त्याला उलट प्रश्न विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. प्रश्न मात्र साधा आहे. परवडत नाही म्हणजे कोणाला, आणि कोणत्या हिशेबाने? खरोखर परवडत नसेल, तर देशातली कोट्यवधी कुटुंबे ती पिढ्यानपिढ्या का करत राहिली आहेत? 'त्यांना हिशेब कळत नाही' हे उत्तर सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. त्यांचा हिशेब वेगळा आहे.

हा वेगळा हिशेब नीट मांडणाऱ्या एका पुस्तकाची समीक्षा या टिपणात करायची आहे. पुस्तक रशियन आहे, १९२५ सालचे आहे आणि त्याचे लेखक आहेत अलेक्झांडर चायानोव. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण उष्मागतिकीच्या पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर तुटक रेषेची एक चौकट काढतो आणि विद्यार्थ्यांना सांगतो की आधी प्रणालीची सीमा ठरवा, मग कार्यक्षमतेबद्दल बोला. सीमा बदलली की तेच यंत्र कार्यक्षमही ठरते आणि अकार्यक्षमही. छोट्या शेतीच्या वादात नेमकी ही पायरी गाळली जाते. चायानोव यांनी ती गाळली नाही, म्हणून त्यांचे पुस्तक आजही वाचावे लागते. त्यांनी सीमा जिथे आखली तिथे ती आपल्याला पुरत नाही, म्हणून त्याची समीक्षाही करावी लागते.

१. वादाच्या दोन बाजू

प्रथम आपल्याकडचे चित्र पाहू. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतात सुमारे १४.६ कोटी वहिती खाती होती. त्यांपैकी ८६ टक्के खाती दोन हेक्टरपेक्षा लहान होती, आणि एकूण वहिती क्षेत्रापैकी त्यांच्याकडे सुमारे ४७ टक्के क्षेत्र होते. खात्याचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर होते. म्हणजे 'छोटी शेती' हा भारतातला अपवाद नाही. बहुतेक शेतकरी तीच करतात.

या शेतीबद्दल दोन टोकाची मते आहेत. पहिले मत म्हणते की एवढ्याशा तुकड्यावर ट्रॅक्टर वळत नाही, कर्ज मिळत नाही, माल विकताना भाव पाडून मागितला जातो. तेव्हा जमिनी एकत्र करा आणि माणसे कारखान्यांकडे वळवा. दुसरे मत म्हणते की छोटा शेतकरीच जगाला पोसतो, म्हणून आहे तसेच राहू द्या. या दुसऱ्या मताच्या पुष्टीसाठी 'जगातले ७० टक्के अन्न छोटे शेतकरी पिकवतात' असे वाक्य सर्रास वापरले जाते. अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज बराच वेगळा आहे: दोन हेक्टरपेक्षा लहान शेते ही जगातल्या एकूण शेतांपैकी ८४ टक्के आहेत, त्यांच्याकडे शेतजमिनीपैकी सुमारे १२ टक्के जमीन आहे आणि ती जगातले सुमारे ३५ टक्के अन्न पिकवतात. १२ टक्के जमिनीवर ३५ टक्के अन्न ही मुळातच मोठी गोष्ट आहे. ती फुगवून सांगायची गरज नाही.

दोन्ही मते एकमेकांच्या विरोधात असली तरी त्यांची एक समजूत समान आहे. शेत म्हणजे माल तयार करणारी जागा, आणि तिची किंमत तिथून किती माल निघतो त्यावर ठरवायची. चायानोव यांचा आक्षेप या समजुतीवरच आहे.

२. लेखक आणि पुस्तक

चायानोव यांचा जन्म १८८८ साली मॉस्कोत झाला. ते कृषिअर्थशास्त्रज्ञ होते आणि सहकारी चळवळीत प्रत्यक्ष काम करणारे होते. त्या काळी रशियात 'झेम्स्त्वो' नावाची ग्रामीण स्वराज्य मंडळे होती. त्यांनी शेतकरी कुटुंबांच्या जमिनी, जनावरे, माणसे, कामाचे दिवस आणि जमाखर्च यांची दशकानुदशके तपशीलवार नोंद केली होती. या नोंदींच्या आधारे चायानोव यांनी १९२५ मध्ये शेतकरी कुटुंबाच्या शेतीची रचना उलगडणारे आपले प्रमुख पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे सोव्हिएत राजवटीने शेतीचे सक्तीने सामुदायिकीकरण सुरू केले. छोट्या शेतीला स्वतःचे तर्कशास्त्र आहे असे म्हणणारा माणूस त्या धोरणाच्या आड येणारा होता. १९३० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३७ मध्ये आल्मा-आता येथे गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्यांच्यावरचे आरोप खोटे होते हे सोव्हिएत सरकारने १९८७ मध्ये मान्य केले.

त्यांचे पुस्तक इंग्रजीत १९६६ मध्ये आले. त्याच्या संपादकांपैकी डॅनियल थॉर्नर यांनी भारतात अनेक वर्षे राहून इथल्या शेतीचा अभ्यास केला होता. म्हणजे या पुस्तकाला इंग्रजीत आणणाऱ्यांपैकी एकाने भारतीय खेडे जवळून पाहिले होते. आपण पुढे जे प्रश्न विचारणार आहोत, ते म्हणूनच पुस्तकावर बाहेरून लादलेले नाहीत.

३. सिद्धांताचा गाभा

कारखान्याचा हिशेब असा असतो: उत्पन्नातून कच्चा माल, मजुरी, भाडे आणि व्याज वजा केले की उरतो तो नफा. चायानोव म्हणतात, शेतकरी कुटुंबात हे गणित लावताच येत नाही, कारण तिथे मजुरी नावाची रक्कम कोणी कोणाला देत नाही. आई, वडील, मुलगा, सून हे सगळे राबतात आणि वर्षाच्या शेवटी जे येते ते सगळ्यांचे मिळून असते. त्याचे 'इतकी मजुरी आणि इतका नफा' असे तुकडे पाडणे हा कागदावरचा खेळ आहे.

मग कुटुंब किती राबायचे हे कशावरून ठरवते? चायानोव यांच्या मते तराजूच्या दोन पारड्यांवरून. एका पारड्यात घरातल्या तोंडांची गरज आणि दुसऱ्या पारड्यात आणखी एक दिवस राबण्याचे कष्ट. गरज जड आहे तोवर कुटुंब राबते आणि कष्ट जड झाले की थांबते. यालाच श्रम आणि उपभोग यांचा समतोल म्हणतात.

यातून काही गोष्टी ओघाने येतात. घरात खाणारी तोंडे आणि राबणारे हात यांचे प्रमाण बदलले की कामाचा जोर बदलतो. समजा नवरा-बायको दोघेच आहेत: दोन तोंडे, दोन हात, प्रमाण १. तीन मुले झाली आणि प्रत्येक मुलाचे अर्धे तोंड धरले, तर साडेतीन तोंडे आणि राबणारे तेच दोघे; प्रमाण १.७५. जमीन तीच, अवजारे तीच, तरी प्रत्येकाला जास्त राबावे लागते. मुले हाताशी आली की प्रमाण पुन्हा उतरते.

दुसरी गोष्ट पिकांच्या निवडीची. ज्यांच्याकडे जमीन कमी, ती रशियन कुटुंबे ओट्सऐवजी धाग्यासाठी जवस किंवा बटाटे लावत. या पिकांत दिवसाच्या श्रमाला मिळणारा मोबदला कमी, पण एकरी एकूण मिळकत जास्त. कारखानदार असे करणार नाही. कुटुंब करते, कारण त्याच्याकडे हात आहेत आणि जमीन नाही. याच कारणाने जमिनीसाठी ते इतका खंड मोजायला तयार होते की नफ्यासाठी शेती करणारा मागे हटेल. चायानोव यांनी याला 'आत्मशोषण' म्हटले आहे. हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

४. एक उदाहरण करून पाहू

पुढचे आकडे काल्पनिक आहेत आणि सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. एक हेक्टर कोरडवाहू जमीन आहे, तिच्यात ज्वारी आणि तूर आहे. घरी खाल्लेले धान्य आणि जनावरांचा कडबा धरून वर्षाचे उत्पन्न ४०,००० रुपये. बियाणे, खत, भाड्याचा ट्रॅक्टर आणि बाहेरची मजुरी हा रोख खर्च २२,००० रुपये. घरच्यांनी ८० दिवस काम केले. गावातली मजुरी ३०० रुपये धरली तर त्या कामाची किंमत २४,००० रुपये. आपलीच जमीन दुसऱ्याला दिली असती तर ६,००० रुपये खंड आला असता. सोपे जावे म्हणून व्याज आणि घसारा सोडून देऊ.

आता आपल्याकडे कृषिमूल्य आयोग ज्या पद्धतीने खर्च मोजतो त्या पद्धतीने तीन चौकटी लावा. फक्त रोख खर्च धरला (याला 'ए२' म्हणतात) तर शेत १८,००० रुपये देते. घरच्या श्रमाची किंमत मिळवली ('ए२ अधिक एफएल') तर ६,००० रुपयांचा तोटा. स्वतःच्या जमिनीचा खंडही मिळवला ('सी२') तर १२,००० रुपयांचा तोटा. शेत एकच, हंगाम एकच, तरी उत्तरे तीन.

खरे उत्तर कोणते? हे तुम्ही कोणता प्रश्न विचारता त्यावर अवलंबून आहे. शेतमालाचा भाव ठरवायचा असेल तर घरच्यांचे श्रम मोजलेच पाहिजेत. घरचे राबतात म्हणून त्यांचे श्रम फुकट, असे ग्राहकाने किंवा सरकारने म्हणणे अन्यायाचे आहे. हमीभाव 'ए२ अधिक एफएल'च्या दीडपट की 'सी२'च्या दीडपट, हा वाद म्हणूनच महत्त्वाचा आहे. पण या कुटुंबाने शेती सोडावी का, असा प्रश्न असेल तर तोट्याचा आकडा दिशाभूल करतो. ८० दिवसांचे २४,००० रुपये हे त्यांना बाहेर खरोखर मिळणार असतील तरच त्यांचे नुकसान होते आहे. समजा त्या हंगामात गावात फक्त ३० दिवसांचे काम आहे. मग शेती सोडल्यावर मजुरीचे ९,००० आणि खंडाचे ६,००० असे १५,००० रुपये हाती येतील, म्हणजे १८,००० पेक्षा कमी. कुटुंब शेती सोडत नाही ते यामुळे.

हेच गणित उलटेही वाचा. बाहेर ४० दिवसांचे काम मिळाले तर १२,००० आणि ६,००० मिळून बरोबर १८,००० होतात. चाळिसाच्या पुढे एक दिवस जरी हमखास मिळाला तरी शेती सोडणे किंवा निदान शेतीतले दिवस कमी करणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे ही शेती परवडते की नाही, हे बांधावर ठरत नाही. गावात आणि तालुक्यात इतर काम किती दिवस मिळते त्यावर ते ठरते. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. असे कायदे मजुरांचे म्हणून ओळखले जातात. पण हमीचे दिवस प्रत्यक्षात मिळाले, तर छोट्या शेतकऱ्याच्या तराजूतही तेच दिवस पडतात.

५. सिद्धांताला भारतातला आधार

१९५० च्या दशकात भारतात शेतीव्यवस्थापनाची सर्वेक्षणे झाली. त्यांत दोन निरीक्षणे ठळक होती: घरच्या श्रमाची किंमत धरली तर बरीच शेती तोट्यात दिसत होती, आणि लहान शेतांचे एकरी उत्पादन मोठ्या शेतांपेक्षा जास्त दिसत होते. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये 'इकॉनॉमिक वीकली'त लिहिलेल्या लेखाने यावर दीर्घ चर्चा सुरू करून दिली. जिथे बाहेर कामाची खात्री नाही तिथे कुटुंब आपल्या श्रमाची किंमत बाजारातल्या मजुरीपेक्षा कमी धरते, म्हणून आपल्या तुकड्यावर जास्त राबते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. चायानोव यांचे पुस्तक तेव्हा इंग्रजीत आलेही नव्हते, पण तर्क त्यांच्या अगदी जवळचा आहे. हरितक्रांतीनंतर, भांडवली निविष्ठा वाढल्यावर, हा संबंध सगळीकडे तसाच राहिला का याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा 'लहान शेत नेहमीच जास्त पिकवते' असा नियम करू नका.

दुसरा आधार आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून माणसे गावी परतली. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात दिसते की एकूण रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता; तो २०१९-२० मध्ये ४५.६ आणि २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला. विकास होताना हा वाटा उतरायला हवा. इथे तो चढला. कारखाना कामगाराला काढून टाकू शकतो. घरची शेती घरच्या माणसाला काढत नाही. संकटात अंग टेकायला जागा देणे ही छोट्या शेतीची मोठी भूमिका आहे, आणि ती उत्पादनाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

पण थांबा. 'शेतीने लोकांना सामावून घेतले' हे वाक्य ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात काय झाले? भाकऱ्या तेवढ्याच होत्या, त्या जास्त जणांत वाटल्या गेल्या. सर्वेक्षणात परतलेला मुलगा 'रोजगारात' मोजला गेला, पण शेताला त्याची गरज होती असे नाही. ही विम्यासारखी व्यवस्था आहे. विम्याला हप्ता असतो. इथे हप्ता कोण भरते हा प्रश्न विचारला की चायानोव यांच्या पुस्तकाच्या मर्यादा दिसू लागतात.

६. सिद्धांत कुठे अपुरा पडतो

(अ) जमीन. रशियातल्या अनेक भागांत गावसभा ठरावीक काळाने जमिनीचे फेरवाटप करत असे, आणि खंडाने जमीन घेण्याची रीतही मोठी होती. त्यामुळे कुटुंब वाढले की त्याची वहिती वाढू शकत होती आणि लहान झाले की घटू शकत होती. लेनिन यांनी १८९९ च्या आपल्या ग्रंथात शेतकऱ्यांची श्रीमंत आणि भूमिहीन अशा वर्गांत फाळणी होताना पाहिली होती. चायानोव यांना त्या फरकांत बराचसा कुटुंबाच्या वयाचा खेळ दिसला. भारतात हा खेळ तसा चालत नाही. इथे कुटुंब वाढले की जमीन वाढत नाही, तिची वाटणी होते. सरासरी वहिती १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती. पंचेचाळीस वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. चायानोव यांच्या आलेखात कष्टांची रेषा चढते आणि उतरते. आपल्याकडे पिढी उलटली तरी ती उतरेलच असे सांगता येत नाही.

(आ) मजुरी. चायानोव यांच्या आदर्श कुटुंबात बाहेरचा मजूर नाही आणि कुटुंब मुख्यतः शेतीवर जगते. हस्तव्यवसायांचा त्यांनी विचार केला आहे, पण मध्यभागी शेतच आहे. आपल्याकडे मध्यच सरकला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ या कृषिवर्षात शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी व पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८, जनावरांचे १,५८२ रुपये, आणि उरलेले थोडे इतर धंद्यांचे व जमिनीच्या खंडाचे. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्या घरात सर्वांत मोठी रक्कम मजुरीतून येते. त्याच पाहणीत निम्म्या शेतकरी कुटुंबांवर कर्ज होते. तेव्हा ही निव्वळ निर्वाहाची शेती नाही. बाजार, सावकार, बँक आणि ठेकेदार यांच्याशी रोज संबंध असलेल्या कुटुंबाने हाताशी धरून ठेवलेला तो एक आधार आहे.

(इ) घराच्या आत. माझ्या मते पुस्तकाची ही सर्वांत मोठी उणीव आहे. चायानोव कुटुंबाला एक माणूस समजतात: एकच तराजू, एकच मन, एकच दमलेले शरीर. पण घरात तराजू कोणाच्या हातात असतो? खुरपणी, वेचणी, कापणी, मळणीतली उपणणी, जनावरांचे शेणपाणी, वैरण, सरपण, दूरवरून आणलेले पाणी आणि वर दोन वेळचा स्वयंपाक. यातले बहुतेक काम बायका करतात. 'कष्ट जड झाले की कुटुंब थांबते' असे पुस्तक सांगते. पण कष्ट एकीचे आणि थांबायचे की नाही हे ठरवणारा दुसरा, असे असेल तर समतोल कोणाचा झाला? २०१५-१६ च्या कृषिगणनेत महिला वहिवाटदार असलेली खाती सुमारे १४ टक्केच होती. 'आत्मशोषण' या शब्दात राबवणारा आणि राबणारा एकच असतो असे गृहीत आहे. घराच्या आत डोकावले की हे गृहीत टिकत नाही. बीना अगरवाल यांनी 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' (१९९४) या ग्रंथात स्त्रियांच्या जमिनीवरील हक्काचा प्रश्न सविस्तर मांडला, तो या संदर्भात वाचायला हवा.

(ई) घराच्या बाहेर. चायानोव यांची चौकट घरापाशी थांबते, पण छोटे शेत एकटे चालत नाही. महाराष्ट्रात ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्याच्या शेतात सगळ्यांनी औते घेऊन जायचे आणि त्याने जेवण घालायचे, या रीतीला इर्जिक म्हणतात. 'आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे' अशा श्रमांच्या देवघेवीला सावड म्हणतात. तुमच्या भाषेतही याला शब्द असेल. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. अशा देवघेवीतून बियाणे, कडबा, अवजारे आणि माणुसकी गावात फिरत असते. मात्र या वर्तुळात सगळे नसतात. २०११ च्या जनगणनेत शेती करणारे सुमारे ११.९ कोटी होते आणि शेतमजूर १४.४ कोटी. ज्याच्याकडे तुकडाच नाही, आणि यात दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्याला छोट्या शेतीचा विमा लागू होत नाही. छोट्या शेतीचे गुणगान करताना 'गाव' हा शब्द वापरला की ही माणसे चौकटीबाहेर राहतात.

७. उपाय: पुस्तकातला आणि पुस्तकाबाहेरचा

चायानोव यांना स्वतःलाही 'आहे तसेच राहू द्या' हे मान्य नव्हते. त्यांचा उपाय सहकाराचा होता. नांगरणी, पेरणी, जनावरांची देखभाल यांत घरचा हात आणि घरची नजर उपयोगी पडते, ती कामे कुटुंबाकडे राहू द्या. प्रक्रिया, साठवण, विक्री, कर्जपुरवठा यांत मोठ्या आकाराचा फायदा असतो, ती कामे एकत्र करा. भारतातला दूधव्यवसाय हे याचे ओळखीचे उदाहरण आहे. १९४६ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सुरू झालेल्या दूध संघाने गाय-म्हैस घरोघरी ठेवली आणि दूध थंड करणे, वाहून नेणे, लोणी-भुकटी करणे एकत्र आणले. जमीन एकत्र न करताही आकाराचा फायदा घेता येतो, हे त्यातून दिसले.

पण वरचे (इ) आणि (ई) हे आक्षेप दूध संघाने आपोआप सुटत नाहीत. त्यासाठी केरळकडे पाहावे लागते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्री योजनेत शेजारपाजारच्या स्त्रिया गट करून जमीन खंडाने घेतात आणि एकत्र कसतात. इथे राबणारी आणि ठरवणारी एकच आहे, आणि स्वतःची जमीन नसलेलीलाही वाट आहे. बीना अगरवाल यांच्या २०१८ च्या अभ्यासात केरळमधल्या अशा गटांचे हेक्टरी उत्पादनमूल्य वैयक्तिक कौटुंबिक शेतांपेक्षा चांगले आढळले. तेलंगणातल्या गटांचे मात्र तसे आढळले नाही. गट केला की काम झाले, असा याचा अर्थ नाही. जमीन कशी मिळते, पाठीशी कोणती संस्था आहे, पीक कोणते, यावर बरेच ठरते.

८. समारोप

चायानोव यांचे मोठेपण कशात आहे? त्यांनी शेताभोवतीची चौकट पुसली आणि ती कुटुंबाभोवती आखली. त्यामुळे शेतकरी वेडा किंवा आळशी दिसायचा थांबला आणि त्याचा हिशेब दिसू लागला. हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. आपल्याला त्या चौकटीला आणखी दोन रेषा जोडायच्या आहेत: एक घराच्या आत, माणसागणिक, दुसरी घराबाहेर, सगळ्या गावाला धरून.

असे केल्यावर छोट्या शेतीची भूमिका स्पष्ट होते. ती ग्रामीण समाजाचा विमा आहे. आजार, बेकारी, म्हातारपण, टाळेबंदी अशा वेळी देशाची इतर व्यवस्था जिथे कमी पडते तिथे ती उभी राहते. पण या विम्याचा हप्ता कमी मोबदल्याच्या श्रमांनी भरला जातो, त्यातला मोठा भाग बायका भरतात, आणि त्याची पावती कोणालाच मिळत नाही. 'छोटी शेती मोडीत काढा' म्हणणाऱ्यांनी सांगावे की हा विमा मग कोण देणार. 'छोटी शेती जपा' म्हणणाऱ्यांनी सांगावे की हप्ता कोण भरणार. दोन्ही प्रश्नांची उत्तरे न देता केलेले धोरण अपुरे आहे.

तुमच्यापैकी अनेकांची फी अशाच एखाद्या शेतातून किंवा तिथल्या म्हशीच्या दुधातून आली असेल. उद्या तुम्ही पंप, सिंचन, मोबाइल ॲप, पीकविमा किंवा कर्जाच्या योजना आखाल. आराखड्यात 'लाभार्थी: शेतकरी कुटुंब' असे लिहिताना त्या कुटुंबातल्या कोणाचे कष्ट कमी होणार आणि कोणाचे वाढणार, एवढे तपासून मगच पुढे जा.

विचारासाठी प्रश्न

१. विभाग ४ मधल्या उदाहरणात घरी खाल्लेले धान्य शेतकऱ्याच्या विक्रीच्या भावाने मोजावे की दुकानातल्या खरेदीच्या भावाने? तुमच्या उत्तराने निष्कर्ष कसा बदलतो?

२. त्याच उदाहरणात ८० दिवसांपैकी ५५ दिवस बाईचे आणि २५ दिवस पुरुषाचे धरा. गावात बाईला २०० आणि पुरुषाला ३५० रुपये मजुरी असेल तर घरच्या श्रमाची किंमत किती होते? कमी मजुरीमुळे शेत 'जास्त परवडणारे' दिसते का? हे तुम्हाला न्याय्य वाटते का?

३. तुमच्या ओळखीच्या एका शेतकरी घरातल्या प्रत्येक माणसाचे एका आठवड्याचे काम तासांमध्ये नोंदवा. 'कुटुंबाचे श्रम' हा एकच आकडा कोणती माहिती लपवतो, ते दहा ओळींत लिहा.